'द क्रूसिबल': चेटकिणी नव्हत्या, पण कम्युनिस्ट तर होते, मग हे रूपक टिकते का?

संहितावाचक:

नमस्कार. गेले दोन महिने आम्ही सहा-सात जण मिळून आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' हे नाटक एकेक अंक करून मोठ्याने वाचत होतो. वाचन संपले, पण त्यातून निघालेला वाद मिटलेला नाही, म्हणून तो येथे मांडते आहे.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १६९२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम गावात काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्यांनी गावातल्या माणसांवर चेटकाचे आरोप केले. वर्षभराच्या आत १९ जणांना फाशी झाली, गाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारण्यात आले, आणि किमान पाच जण तुरुंगातच दगावले. मिलर यांनी हा इतिहास रंगभूमीवर आणला तो २२ जानेवारी १९५३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. त्या वेळी अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकून काढण्याची मोहीम जोरात होती. लेखक, नट, शिक्षक यांना चौकशी समितीपुढे उभे करून विचारले जात होते की तुम्ही पक्षाचे सभासद होता का आणि तुमच्याबरोबर आणखी कोण होते. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची कामे गेली. नाटक सेलमविषयी बोलते, पण त्याचा रोख या चौकश्यांवर आहे, हे प्रेक्षकांना तेव्हाही कळले होते.

आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप असा आहे की हे रूपक मुळातच लंगडे आहे. सेलममध्ये एकही चेटकीण नव्हती, कारण चेटूक ही गोष्टच अस्तित्वात नाही. पन्नाशीच्या दशकात मात्र अमेरिकेत कम्युनिस्ट होते, पक्ष होता, आणि अणुबाँबची माहिती सोव्हिएत रशियाला पुरवणारे हेरही होते. मग काल्पनिक गुन्ह्याची तुलना खऱ्या धोक्याशी करून मिलर यांनी वाचकाला चकवले नाही काय? मी हे नाटक मनापासून मानते, आणि तरीही मला त्या बैठकीत या आक्षेपाला नीट उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे.

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. प्रस्तावनावजा टिपणात मिलर स्वतःच सांगतात की आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी ॲबिगेल हिचे वय त्यांनी वाढवले. प्रत्यक्षातील ॲबिगेल विल्यम्स ११ वर्षांची होती, नाटकातली १७ वर्षांची आहे. उलट नाटकाचा नायक, फाशी गेलेला शेतकरी जॉन प्रॉक्टर, साठीचा होता, त्याला त्यांनी पस्तिशीत आणून बसवले आणि दोघांमध्ये शरीरसंबंध कल्पिला. राजकीय दडपशाहीचे नाटक लिहिताना ही प्रेमभंगाची आणि सूडाची जोड कशासाठी? अभ्यासकांनी आणि ज्यांनी हे नाटक केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


जुनीपोथी:

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप नवा नाही. नाटक रंगमंचावर येण्याआधीच तो मिलर यांच्या तोंडावर घेतला गेला होता. दिग्दर्शक एलिया कझान हे त्यांचे जिवलग सहकारी. एप्रिल १९५२ मध्ये त्यांनी समितीपुढे आठ जुन्या साथीदारांची नावे घेतली. त्याच सुमारास मिलर त्यांना त्यांच्या घरी भेटले आणि तिथून सेलमची कागदपत्रे पाहायला निघाले. 'चेटकिणी कधी नव्हत्या, कम्युनिस्ट आहेत' हा मुद्दा त्या घरातच कझान यांच्या पत्नीने काढला होता. मिलर यांचे उत्तर असे की सतराव्या शतकातल्या माणसाला चेटूक खोटे वाटतच नव्हते. त्या काळची उत्तमोत्तम डोकी ते खरे मानत होती आणि वसाहतीच्या कायद्यात त्याला देहांताची शिक्षा होती. न्यायाधीशांच्या दृष्टीने धोका खराच होता.

हे उत्तर बरोबर आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. 'धोका खरा होता की खोटा' या प्रश्नावर वाद लढवला की आपण नाटकाच्या बाहेर पडतो, असे माझे मत आहे. चेटकाचेच म्हणाल तर सेलममध्ये टोटके करणारे लोक होते. मुलींना कोणी पछाडले हे कळावे म्हणून त्यांचे मूत्र राईच्या पिठात कालवून भाकर भाजली गेली आणि ती कुत्र्याला घातली गेली, आणि हा उद्योग एका भाविक शेजारणीच्या सांगण्यावरून झाला होता. दुसऱ्या बाजूने, अणुबाँबच्या प्रकल्पातला शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याने १९५० साली हेरगिरीची कबुली दिली होती, तेव्हा हेर नव्हते असे कोणी म्हणू नये. मात्र हेरांवर खटले चालले ते नेहमीच्या न्यायालयांत. समितीपुढे उभे केले जात होते ते पटकथालेखक, नट आणि शिक्षक, आणि त्यांना विचारले जात होते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते कोणत्या बैठकीला बसले होते याविषयी. हेर पकडणे हे त्या खोलीतले काम नव्हतेच.

मग काय होते? येथे सेलमची कागदपत्रे फार बोलकी आहेत. ज्याने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर ठाम राहिला, अशा एकालाही सेलममध्ये फाशी झाली नाही. ज्यांना फाशी झाली त्या सगळ्यांनी नाकारले होते. सॅम्युअल वॉर्डवेल याने आधी कबुली दिली, मग मन खाऊ लागले म्हणून ती मागे घेतली, आणि २२ सप्टेंबरला जे आठ जण एकाच दिवशी लटकवले गेले त्यांत तो होता. म्हणजे खोटे बोलणारा वाचतो आणि खरे बोलणारा मरतो, अशी ती व्यवस्था होती. शिवाय कबुली पुरेशी धरली जाण्यासाठी तिच्याबरोबर इतरांची नावे यावी लागत. एक कबुली दहा आरोपी घेऊन येई, त्यांतले काही कबूल होत, ते आणखी नावे घेत. दीडशेहून अधिक माणसे अशी अडकली.

आता १९५० च्या दशकातला नियम पाहा. साक्षीदार पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेऊन उत्तर नाकारू शकत होता, पण १९५१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे ठरले की एकदा स्वतःविषयी उत्तर दिले की तो अधिकार सोडल्यासारखा होतो आणि मग इतरांविषयीच्या प्रश्नांनाही उत्तर द्यावे लागते. म्हणजे 'माझे मी सांगतो, दुसऱ्याचे सांगणार नाही' ही सर्वसामान्य सभ्य माणसाला सुचणारी वाट कायद्यानेच बंद झाली होती. एक तर तोंड मिटून बसायचे आणि नोकरी घालवायची, किंवा सगळे बोलायचे. आणि समितीला ती नावे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असत. नावे माहितीसाठी मागितली जात नव्हती. साक्षीदार वाकला, हे चारचौघांत दिसावे म्हणून ती त्याच्या तोंडून वदवली जात होती.

माझ्या मते रूपक या सांध्यावर उभे आहे. आरोपी दोषी होते की निर्दोष, हा त्याचा पायाच नाही. तुमच्या सदस्यांना एक गोष्ट जरूर दाखवा. इतिहासातल्या गाइल्स कोरीने खटल्याला सामोरे जायलाच नकार दिला, म्हणून जुन्या इंग्रजी प्रथेप्रमाणे त्याच्या छातीवर दगड चढवले गेले. मिलर यांनी हे प्रकरण बदलले. नाटकात गाइल्स न्यायालयात सांगतो की शेजाऱ्यांच्या जमिनीसाठी गावातला जमीनदार पटनम आपल्या मुलीकडून खोटे आरोप करवतो आहे, हे ऐकणारा माणूस मला माहीत आहे. न्यायाधीश डॅनफर्थ त्या माणसाचे नाव विचारतो. गाइल्स क्षणभर थांबतो, कारण नाव सांगितले की तो माणूस आजच तुरुंगात जाणार हे त्याला दिसते. याआधी त्याने स्वतःच्या बायकोविषयी सहज एक वाक्य बोलून तिला गोत्यात आणलेले असते. तो नाव सांगत नाही, आणि त्याच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका येतो. हे १६९२ मध्ये घडलेले नाही, मिलर यांनी १९५२ मध्ये रचलेले आहे. पुढे २१ जून १९५६ रोजी ते स्वतः समितीपुढे बसले, स्वतःविषयी बोलले, पाचव्या दुरुस्तीच्या आडोशाला गेले नाहीत आणि दुसऱ्याचे नाव घेऊन त्याला संकटात घालणार नाही एवढेच म्हणाले. त्यांच्यावर ठेवलेला आरोप होता काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाचा. १९५७ मध्ये त्यांना दोषी ठरवून ५०० डॉलर दंड आणि स्थगित कैद सुनावली गेली. १९५८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. जवळजवळ चार वर्षे आधी लिहिलेला प्रसंग लेखकाच्या वाट्याला जवळजवळ जसाच्या तसा आला. रूपक लंगडे असते तर असे झाले नसते.


अनुस्वार:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो, कारण आपल्याकडे या नाटकाविषयी लिहिताना हा घोटाळा नेहमी होतो: सगळ्या चौकश्या मॅकार्थी या एका माणसाच्या नावावर टाकल्या जातात. मिलर आणि कझान ज्या समितीपुढे उभे राहिले ती प्रतिनिधिगृहाची समिती होती. जोसेफ मॅकार्थी हे सिनेटर होते आणि त्या समितीत ते कधीच नव्हते. सरकारी खात्यात कम्युनिस्ट असल्याचा आरोप करणारे त्यांचे व्हीलिंग येथील गाजलेले भाषण ९ फेब्रुवारी १९५० चे. हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना प्रतिनिधिगृहाच्या समितीने बोलावले ते त्याआधी, १९४७ मध्ये. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू करणारा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेशही १९४७ चाच.

हा केवळ तपशिलाचा प्रश्न नाही. सगळे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडले की २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांची निर्भर्त्सना केली तेव्हा प्रकरण संपले, असे वाटते. मिलर यांना बोलावणे आले ते त्यानंतर दीड वर्षाने. नाटकातही पाहा, तिसऱ्या अंकाच्या शेवटी चेटकाचा तपास करायला आलेला धर्मगुरू रेव्हरंड हेल न्यायालय सोडून निघून जातो, चौथ्या अंकात ॲबिगेल पैसे चोरून पळून गेलेली असते, आणि तरीही सकाळची फाशी ठरल्या वेळेलाच होते. डॅनफर्थचे कारण फार स्पष्ट आहे: बारा जणांना याच आरोपाखाली लटकवल्यावर आता इतरांना सोडले तर त्या बारांचे काय? मला हे नाटकातले सर्वांत भयानक वाक्य वाटते. ते बोलणारा माणूस शांत आहे, सुशिक्षित आहे आणि आपण न्यायच करतो आहोत याविषयी त्याच्या मनात शंका नाही.


विंगेतून:

मी काही वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेसाठी या नाटकाच्या तिसऱ्या अंकाचा प्रयोग बसवला होता, म्हणून समूहोन्मादाच्या बाजूविषयी थोडे लिहितो.

तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. मेरी वॉरेन ही प्रॉक्टरच्या घरची मोलकरीण. आम्ही सगळ्या जणी ढोंग करत होतो, हे सांगायला ती न्यायालयात येते. न्यायाधीश तिला म्हणतात, तेव्हा तू मूर्च्छित होत होतीस ना, मग आता होऊन दाखव. ती प्रयत्न करते आणि तिला जमत नाही. मग ॲबिगेल वर आढ्याकडे पाहते आणि तिला तेथे एक पक्षी दिसू लागतो. मेरीने पाठवलेला पक्षी. मुली एकामागून एक वर पाहू लागतात, आणि त्यानंतर मेरी जे जे बोलेल ते ते एका सुरात उलट बोलू लागतात. 'ॲबी, थांब' म्हटले की सगळ्या म्हणतात, 'ॲबी, थांब.'

सुरुवातीला आम्ही हे गोंगाट म्हणून बसवत होतो, भरपूर किंकाळ्या, धावपळ. काही केल्या परिणाम होईना. एका तालमीला मी मुलींना सांगितले की ओरडू नका, फक्त मेरीचे वाक्य तिच्याच आवाजात, तिच्याच पट्टीत परत करा, आणि सुरुवात करण्याआधी शेजारणीकडे एकदा पाहा. तेवढा अर्धा क्षण महत्त्वाचा ठरला. प्रत्येक मुलगी शेजारणीचा चेहरा पाहून ठरवते आहे की आता मलाही दिसले पाहिजे, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. मेरीचे काम करणारी मुलगी चांगली सराईत नटी होती, पण सातव्या-आठव्या वाक्याला तिचा आवाज फुटला आणि तिने तालीम थांबवली. तिचे म्हणणे असे की हे खोटे आहे हे मला पाठ आहे, तरी एवढ्या जणी एका आवाजात बोलू लागल्या की माझाच माझ्यावरचा विश्वास उडतो. पुढचे वाक्य, म्हणजे प्रॉक्टरच सैतानाचा माणूस आहे असे मेरीने ओरडून सांगणे, तिला तोपर्यंत अवघड जात होते. त्या दिवसानंतर ते सहज येऊ लागले.

अंगात येणे आणि अंगात आल्याचे सोंग करणे, या दोहोंच्या मधली जी जागा आहे ती मिलर यांनी पकडली आहे. मुली खोटे बोलत आहेत की त्यांना खरेच दिसते आहे, याचे सरळ उत्तर नाही. इतिहासातली मेरी वॉरेनही अशीच हेलपाटली: आधी आरोप करणाऱ्यांत, मग मुली ढोंग करतात असे बोलून बसली तर स्वतःच आरोपी, मग जीव वाचवायला परत आरोप करणाऱ्यांत.

आणि पुराव्याचे स्वरूपही ध्यानात घ्या. आरोपीचे छायारूप मला येऊन चिमटे काढते, असे मुली सांगत, आणि न्यायालय ते पुरावा म्हणून स्वीकारत असे. आरोपी त्या वेळी आपल्या घरी झोपला होता हे सिद्ध केले तरी उपयोग नाही, कारण शरीर घरी असले तरी छाया हिंडू शकते. जे फक्त आरोप करणाऱ्यालाच दिसते ते खोडून कसे काढणार?


उत्तररात्र:

प्रश्नातल्या दुसऱ्या शंकेकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. माझे मत येथील सुरापेक्षा वेगळे पडेल.

मला ॲबिगेलचे वय वाढवणे ही या नाटकातली खरीखुरी उणीव वाटते, आणि ती नैतिक तशीच राजकीयही आहे. सेलमच्या कागदपत्रांत ज्या मुली आहेत त्यांतल्या बेटी पॅरिस ९ वर्षांची, ॲबिगेल ११ ची, ॲन पटनम १२ ची. या वयाच्या मुलींच्या बोलण्यावर कोणालाही परस्पर अटक होत नव्हती. २९ फेब्रुवारी १६९२ रोजी पहिल्या तीन बायकांविरुद्ध फिर्याद नोंदवली ती चार प्रौढ पुरुषांनी, आणि त्यांत ॲनचा बाप थॉमस पटनम होता. मुलींचे झटके घरात होते. त्यांचे वॉरंट झाले ते बापांच्या सह्यांनी. नाटकात पटनमची जमिनीची हाव येते हे खरे, पण प्रेक्षक घरी जातो तो झिडकारलेल्या तरुणीचा सूड मनात घेऊन. सत्ता कोणाच्या हातात होती हा प्रश्न त्या सूडाने झाकला जातो, आणि तो झाकला गेला की रूपकही दुबळे होते, कारण १९५० च्या चौकश्या कोणा मत्सरी मुलीने सुरू केल्या नव्हत्या, त्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी चालवल्या होत्या.

टिट्युबाविषयीही असेच म्हणावे लागेल. ती बेटीचा बाप, पाद्री पॅरिस, याच्या घरातली गुलाम. पहिली कबुली तिची, आणि ती मारहाणीनंतर आली असे त्या काळातल्याच एका लेखकाने नोंदवले आहे. नाटकात ती पहिल्या अंकात कबूल होते आणि मग जवळजवळ नाहीशी होते. चौथ्या अंकात थोडा वेळ दिसते ती भ्रमिष्टासारखी. प्रत्यक्षात ती वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होती, कारण त्या तुरुंगात खाण्याचा आणि बेड्यांचासुद्धा खर्च कैद्याने भरल्याखेरीज सुटका नसे, आणि तिच्या मालकाने तो भरला नाही. अखेर दुसऱ्या कोणी पैसे भरून तिला नेले. इतक्या मोठ्या अन्यायाला नाटकात जागा नसावी याचे मला फार वाईट वाटते.

ॲन पटनमने १७०६ मध्ये चर्चमध्ये उभे राहून माफी मागितली. पाद्री तिचे निवेदन वाचत होता आणि ती सगळ्यांसमोर उभी होती. ती म्हणते की मी राग किंवा द्वेष म्हणून केले नाही, सैतानाच्या भुलीत सापडून केले. हे मान्य करा वा करू नका, पण ॲबिगेलच्या सूडाच्या गोष्टीत या मुलीला कुठे बसवणार?


जुनीपोथी:

उत्तररात्र, टिट्युबाविषयी तुम्ही लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. ॲबिगेलविषयी थोडा मतभेद नोंदवतो. मिलर यांना नायक निष्कलंक नको होता. इतिहासातील प्रॉक्टरने तुरुंगातून २३ जुलै १६९२ रोजी बॉस्टनच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले आहे; आपल्या मुलाची मान आणि पाय एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत त्याला तसे ठेवले आणि कबुली काढू पाहिली, असे तो त्यात लिहितो. अशा माणसावर सरळ धीरोदात्त नाटक लिहिता आले असते. पण समितीपुढे उभी राहणारी माणसे धीरोदात्त नव्हती. तिशीच्या दशकातल्या आपल्या भाबडेपणाची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती, आणि आपण पूर्ण निर्दोष नाही या जाणिवेमुळेच ती नावे सांगायला तयार होत होती. प्रॉक्टरचे व्यभिचाराचे पाप ही त्या जाणिवेची नाट्यरूप जागा आहे. मी आधीच डागाळलेला आहे, मग आणखी एका खोट्याने काय बिघडते, हा विचार चौथ्या अंकात त्याला सहीपर्यंत नेतो. उपाय निराळा असायला हवा होता, हे तुमचे म्हणणे मात्र खोडून काढता येणार नाही.


तिसरीघंटा:

रूपकाच्या चर्चेत आपल्या रंगभूमीवरचे एक उदाहरण समोर ठेवावेसे वाटते, कारण त्याने फरक चांगला कळतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आले. विराटाच्या राज्यात सैरंध्रीच्या मागे लागलेला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पिचलेला देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही समजले, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तेथे रूपकाची गरज उघड होती: थेट लिहिले असते तर पहिला प्रयोगही झाला नसता, आणि महाभारत सर्वांच्या तोंडी असल्याने एकही शब्द जास्त न बोलता अर्थ पोचत होता.

मिलर यांच्यासमोर नाट्यप्रयोगाच्या पूर्वपरवानगीचा कायदा नव्हता. मग त्यांनी अडीचशे वर्षे मागे का जावे? मला वाटते, 'कीचकवध' पाहणारा प्रेक्षक पीडितांच्या बाजूचा होता, त्याला फक्त चेतवायचे होते. 'द क्रूसिबल'चा प्रेक्षक स्वतःच त्या गावाचा रहिवासी होता. त्याने शेजाऱ्याची नोकरी जाताना पाहिली होती आणि तो गप्प बसला होता. त्याला समोरून सांगितले असते तर त्याने ते पक्षाचे प्रचारपत्रक म्हणून बाजूला टाकले असते. टोप्या आणि झगे घातलेल्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, लोकांकडे तो निर्धास्तपणे पाहू लागला, आणि मग मध्येच त्याच्या लक्षात आले. पहिल्या प्रयोगाला विषय ध्यानात येताच प्रेक्षागृहावर जणू बर्फाचा थर चढला, असे मिलर यांनी पुढे लिहिले आहे. पाच महिन्यांनी, १९ जून १९५३ रोजी, अणुबाँबची हेरगिरी केल्याबद्दल दोषी ठरवलेल्या रोझेनबर्ग पती-पत्नींना विजेच्या खुर्चीत बसवले गेले. त्या रात्री प्रॉक्टरला फाशीसाठी नेल्यावर प्रेक्षक उठून उभे राहिले आणि काही वेळ मान खाली घालून स्तब्ध राहिले, हीही त्यांचीच आठवण आहे.

नाटकाच्या नावाविषयीही सांगतो. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. मुशीत घातले की धातू आणि मळ वेगळे होतात. ज्याने मूस पेटवली आहे त्या डॅनफर्थला वाटते की तो मळ जाळतो आहे.


संहितावाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाइल्स कोरीच्या प्रसंगात मिलर यांनी केलेला बदल मला माहीत नव्हता, आणि माझ्या मते आक्षेपाचे उत्तर तेथेच आहे. उत्तररात्र यांचे म्हणणेही मनाला लागले. बापांच्या सह्यांविषयीचा तो मुद्दा मी बैठकीत मांडणार आहे.

एकच विचारायचे राहिले. शेवटी प्रॉक्टर तोंडाने कबुली देतो, कागदावर सहीही करतो, आणि तो कागद न्यायाधीशांच्या हाती द्यायची वेळ आली की फाडून टाकतो. सही केल्यावर मागे फिरण्यात काय अर्थ आहे, असे आमच्यापैकी दोघांना वाटले.


जुनीपोथी:

तो प्रसंग पुन्हा सावकाश वाचा. सही करण्याआधी डॅनफर्थ त्याला विचारतो की रिबेका नर्सला सैतानाबरोबर पाहिले का. रिबेका समोर उभी आहे. ७१ वर्षांची भाविक बाई, जिला खऱ्या खटल्यात पंचांनी आधी निर्दोष ठरवले होते आणि न्यायाधीशांनी फेरविचाराला परत पाठवल्यावर दोषी ठरवले. प्रॉक्टर म्हणतो की मी माझे पाप सांगतो, दुसऱ्याचा निवाडा मी करू शकत नाही. एवढ्यावर भागेल असे त्याला वाटते. मग कागद येतो. तो विचारतो, तुम्ही सर्वांनी मला ऐकले, मग कागद कशाला? कारण तो चर्चच्या दारावर ठोकायचा आहे. कबुली ऐकणारे पाच-सहा जण असतात, दारावरचा कागद सगळे गाव वाचते, आणि त्याच सकाळी फाशी जाणाऱ्या इतरांविरुद्ध तो पुरावा होतो. आपण नाव घेतले नाही तरी आपले नावच दुसऱ्यांच्या विरुद्ध वापरले जाणार आहे, हे त्याला सही केल्यानंतरच्या त्या काही क्षणांत उमगते.

नावाचा हा प्रश्न सेलममध्ये खरोखरच फार काळ चालला. १७११ मध्ये वसाहतीने बऱ्याच जणांवरील कलंक पुसला आणि वारसांना भरपाई दिली, पण सगळी नावे त्यात आली नाहीत. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या तरुणीला १६९३ मध्ये दोषी ठरवले होते. गव्हर्नरने फाशी टाळली, पण दोषारोप तसाच राहिला. एका शाळेतील आठवीच्या मुलांनी शिक्षिकेबरोबर पाठपुरावा केला, आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचे नाव निर्दोषांत घातले.


संहितावाचक:

हे वाचून आम्ही पुढच्या बैठकीत तिसरा आणि चौथा अंक पुन्हा वाचायचे ठरवले आहे. गाइल्स कोरीची वाक्ये मी आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांना वाचायला देणार आहे, आणि त्यांनी होकारही दिला आहे.